उन्हाळ्यात डुकरांना काय, किती आणि केव्हा खाऊ घालावे?

मार्च संपत आला की वराहपालकांची एक तक्रार ठरलेली असते. खाद्य तेच, शेड तेच, तरी गव्हाणीत खाद्य शिल्लक राहते. व्यालेली मादी निम्मेच खाते, तिचे दूध कमी पडते, पिल्ले किरकिर करतात आणि विक्रीला आलेल्या डुकरांचे वजन एका जागी अडकते. मग कुणी भूक वाढवण्याचे औषध मागतो, कुणी खाद्य बदलतो, कुणी दुपारी पुन्हा एकदा गव्हाण भरून ठेवतो.

कडक उन्हात डुकराने कमी खाणे हा बहुतेक वेळा आजार नसतो. शरीरात जास्त उष्णता तयार होऊ नये म्हणून ते स्वतःला आवरते. म्हणून त्याला जबरदस्तीने जास्त खाऊ घालण्यापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. आधी पाणी आणि गारवा, मग खाण्याची वेळ, आणि त्यानंतर खाद्यातील घटक. हा क्रम का महत्त्वाचा आहे आणि तो शेडमध्ये कसा पाळायचा, ते या लेखात पाहू.

डुकराला उष्णता का सोसत नाही?

माणसाला गरम झाले की घाम येतो आणि घाम वाळताना अंग गार होते. डुकराच्या कातडीत घामाच्या कार्यक्षम ग्रंथी फारच कमी असतात. त्यातच कातडीखाली चरबीचा थर असतो, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. डुकराकडे उपाय मोजकेच उरतात. गार जमिनीला अंग टेकणे, पाण्यात किंवा चिखलात लोळून कातडी ओली करणे आणि भरभर श्वास घेणे. डुक्कर चिखलात लोळते ते घाणीच्या आवडीने नव्हे, अंग गार करायला.

लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस यांसारख्या जाती भरभर वाढतात आणि त्यांना पिल्लेही जास्त होतात. वाढ आणि दूध जितके जास्त, तितकी शरीरात तयार होणारी उष्णताही जास्त. म्हणून या जातींना उन्हाळा अधिक जाचतो. गावठी डुकरे, किंवा गोव्यातील आगोंदा गोवन यांसारख्या स्थानिक जातीची डुकरे, अंगाने लहान आणि हवामानाला सरावलेली असल्याने तुलनेने तग धरतात. पण सावली आणि पाणी त्यांनाही लागतेच.

कोणत्या डुकराला किती तापमान सोयीचे असते, याचा ढोबळ अंदाज असा:

- नुकतेच जन्मलेले पिल्लू: ३२ ते ३४ अंश सेल्सिअस
- वाढीच्या शेवटच्या टप्प्यातील डुक्कर (६० किलोंपुढे): साधारण १८ ते २२ अंश
- दूध पाजणारी मादी: साधारण १८ ते २२ अंश, २५ अंशांपुढे तिचे खाणे घटू लागते

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात रात्रीचा पाराही २८ अंशांच्या आसपास असतो. कोकणात आणि गोव्यात तो २६ अंशांच्या खाली क्वचितच जातो, शिवाय हवा दमट. म्हणजे दूध पाजणाऱ्या मादीला दिवसरात्र उष्णतेचा ताण असतो. आपण ज्याला ‘गार वेळ’ म्हणतो, ती तिच्यासाठी फक्त ‘कमी गरम वेळ’ असते.

ताण आला आहे हे कसे ओळखाल?

सर्वांत सोपी खूण म्हणजे श्वास. डुक्कर शांत पडलेले असताना त्याची कूस १५ सेकंदांत किती वेळा वरखाली होते ते मोजा आणि चारने गुणा. मोठ्या डुकरात हा आकडा एरवी मिनिटाला २० ते ३० असतो. तो ४० च्या पुढे जाऊ लागला तर सावध व्हा. ६० च्या पुढे गेला तर ताण स्पष्ट आहे.

याशिवाय डुकरे एकमेकांपासून दूर, अंग ताणून पडतात. शेणामुताच्या ओल्या जागी लोळतात, पाण्याचे निपल सोडत नाहीत, तोंड उघडे ठेवून धापा टाकतात. एरवी स्वच्छ राहणारा गट अचानक बसायच्या जागी घाण करून त्यात लोळू लागला, तर त्यांना गार जागा हवी आहे असे समजा.

खाल्ल्याने अंग का तापते?

खाद्य पचवणे, शोषून घेणे आणि त्याचे मांसात किंवा दुधात रूपांतर करणे या प्रत्येक कामात उष्णता तयार होते. जेवण झाल्यावर पुढचे काही तास ही उष्णता वाढत जाते. सकाळी दहा वाजता पोटभर खाल्लेल्या डुकराच्या शरीरातील ही उष्णता नेमकी दुपारी, बाहेरच्या उन्हाच्या जोडीने, त्याच्या अंगावर येते.

सगळ्या घटकांची उष्णता सारखी नसते. तंतुमय पदार्थ (कोंडा, भुसा, जून चारा) आतड्यात आंबवून पचवावे लागतात, त्यात उष्णता जास्त निर्माण होते. गरजेपेक्षा जास्त दिलेली प्रथिने शरीर साठवू शकत नाही. ती मोडून त्यांचा नायट्रोजन लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो, त्यातही उष्णता निर्माण होते. पिष्टमय पदार्थ (मका, तांदळाची कणी) मधल्या पायरीवर येतात. सर्वांत कमी उष्णता तेलाच्या पचनात तयार होते, आणि तेलातून ऊर्जा मात्र सर्वांत जास्त मिळते.

उष्णतेचा आतड्यावरही परिणाम होतो. अंग गार करण्यासाठी शरीर रक्त कातडीकडे वळवते, त्यामुळे आतड्याला रक्त कमी मिळते. आतड्याचे अस्तर कमकुवत होते आणि जंतूंचे विषारी घटक रक्तात शिरण्याची शक्यता वाढते. अशा दिवसांत खाद्यात अचानक केलेला बदल किंवा आंबलेले अन्न पोटाला जास्त बाधते.

एका मादीचा हिशेब

फ्रान्समधील संशोधकांनी नियंत्रित तापमानात ठेवलेल्या दूध पाजणाऱ्या माद्यांचे खाणे मोजले. १८ अंशांना त्या दिवसाला सुमारे साडेपाच किलो खात होत्या, २९ अंशांना तीन किलोंच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्मे.

आता आपल्या शेडचा हिशेब मांडू. हिवाळ्यात मादी ६ किलो खाद्य खाते आणि एका किलोत ३,२०० किलोकॅलरी ऊर्जा आहे असे धरा. दिवसाला १९,२०० किलोकॅलरी मिळाल्या. उन्हाळ्यात ती ४ किलोंवर आली, तर मिळाल्या १२,८०० किलोकॅलरी. तूट ६,४०० ची.

खाद्यातील ५ टक्के मका काढून तेवढे तेल घातले, तर एका किलोतील ऊर्जा साधारण ३,४५० पर्यंत जाते. चार किलोंतून आता १३,८०० मिळतील. म्हणजे तेलाने भरून निघाले फक्त १,०००. पण पाणी, गारवा आणि योग्य वेळ साधून तीच मादी एक किलो जास्त खाऊ लागली, तर आणखी ३,४५० मिळतात आणि तूट दोन हजारांच्या आत येते.

खाद्यात बदल करणे उपयोगाचे आहे, पण एकट्याने ते पुरे पडत नाही, हे या हिशेबावरून दिसते. उरलेली तूट मादी स्वतःच्या अंगावरची चरबी आणि मांस झिजवून भरते. दूध तोडल्यावर एरवी ४ ते ७ दिवसांत माजावर येणारी मादी मग लांबते, किंवा गाभण राहत नाही. उन्हाळ्यात वाया गेलेल्या खाद्याचा फटका असा दिवाळीच्या सुमारास मिळणाऱ्या पिल्लांपर्यंत पोहोचतो.

पहिले काम: पाणी

पाणी कमी पडले की डुक्कर खाणे कमी करते. म्हणून भुकेची औषधे शोधण्याआधी निपल तपासा.

- वाढीच्या डुकराला एरवी दिवसाला ८ ते १२ लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त.
- दूध पाजणाऱ्या मादीला २० ते ४० लिटर लागू शकते. अशा दहा माद्या असतील तर फक्त पिण्यासाठी ४०० लिटरची तजवीज हवी.
- निपलमधून मादीला मिनिटाला किमान २ लिटर, मोठ्या वाढीच्या डुकराला साधारण १ लिटर आणि दूध तोडलेल्या पिल्लाला अर्धा लिटर पाणी यायला हवे.

धार मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. एक लिटरची बाटली निपलखाली धरा. मादीच्या निपलखाली ती ३० सेकंदांत भरली पाहिजे. मिनिटभर लागत असेल तर मादी उभी राहून कंटाळते आणि तहान अर्धवट ठेवून बसते. गाळणी तुंबणे, क्षार साचणे आणि दुपारी टाकीतील पाण्याचा दाब कमी होणे ही त्याची नेहमीची कारणे.

पाणी गरमही नसावे. काळी प्लास्टिकची टाकी आणि उघड्यावरची पाइपलाइन दुपारी इतकी तापते की तोंड लावताच डुक्कर मागे सरते. टाकीवर सावली करा, तिला बाहेरून पांढरा रंग द्या किंवा ओले गोणपाट गुंडाळा. पाइप जमिनीत पुरा. भर दुपारी पाइपमधील साचलेले गरम पाणी एकदा सोडून द्या. लोळायच्या डबक्यातील पाणी हे पिण्याचे पाणी नव्हे. दोन्ही वेगळे ठेवा.

दुसरे काम: आधी गारवा, मग खाद्य

धापा टाकणाऱ्या डुकरापुढे खाद्य ठेवून उपयोग नाही. खाद्य देण्याच्या अर्धा तास आधी अंगावर पाणी शिंपडा आणि हवा खेळती ठेवा. कातडी ओली करायची, ती वाळू द्यायची आणि मग पुन्हा ओली करायची, कारण पाणी वाळतानाच उष्णता निघून जाते. सतत भिजवत ठेवण्यापेक्षा थांबून थांबून शिंपडणे चांगले, आणि पाण्याचीही बचत होते.

इथे प्रदेशानुसार फरक पडतो. विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी असल्याने शिंपडलेले पाणी लवकर वाळते आणि लगेच फरक जाणवतो. कोकणात आणि गोव्यात हवा आधीच दमट असते. तिथे पंखा नसताना नुसते फॉगर लावले तर शेडमधील दमटपणा वाढतो आणि गुदमरायला होते. तिथे आधी उघड्या बाजू आणि मोठा पंखा, मग पाणी.

दूध पाजणारी मादी आणि तिची पिल्ले यांची गरज उलटी असते. आईला गारवा हवा, पिल्लांना ऊब. म्हणून संपूर्ण खोली भिजवू नका. मादीच्या मानेवर आणि खांद्यावर थेंब-थेंब पाणी पडेल अशी नळी लावा आणि पिल्लांचा कोपरा कोरडा व उबदार ठेवा.

तिसरे काम: खाण्याची वेळ

दुपारी शरीराला पचनाच्या उष्णतेतून सूट मिळावी, असे वेळापत्रक आखा. उन्हाळ्यासाठी एक साधी आखणी अशी:

- पहाटे ५ ते ६: दिवसभराच्या खाद्याचा सुमारे ४० टक्के भाग
- संध्याकाळी ७ ते ८, पाणी शिंपडून झाल्यावर: सुमारे ४० टक्के
- रात्री १० ते ११: उरलेला २० टक्के
- सकाळी १० ते संध्याकाळी ५: खाद्य नको, पाणी मात्र भरपूर

पुणे-साताऱ्याकडे रात्र बऱ्यापैकी गार होते, तिथे रात्रीची पाळी चांगली लागू पडते. विदर्भात आणि किनारपट्टीवर रात्र उशिरापर्यंत तापलेली असते, म्हणून तिथे पहाटेच्या पाळीवर भर द्या. गरज वाटल्यास ती चारलाच सुरू करा.

जिथे डुकरांसमोर चोवीस तास खाद्य असते, तिथे ती आपोआप रात्री जास्त खातात. अशा शेडमध्ये रात्री एक मंद दिवा आणि भरलेली गव्हाण ठेवली तरी काम भागते. पण गटात कमजोर डुकरे असतील तर गव्हाणीवर पुरेशी जागा आहे ना ते पाहा. सगळी डुकरे एकाच गार वेळेत खायला आली की दांडगी पुढे घुसतात आणि कमजोर उपाशी राहतात.

ओले खाद्य दिल्यास उन्हाळ्यात खाणे बरेचदा वाढते. एक भाग खाद्याला एक ते दोन भाग पाणी घ्या. मात्र ओले खाद्य तासाभरात संपेल एवढेच द्या. उरलेले लगेच काढा आणि गव्हाण धुवा. मे महिन्यात ते दोन-तीन तासांत आंबते. सकाळच्या आंबट उरलेल्यावरच संध्याकाळचे खाद्य ओतण्याची सवय जुलाबाला आमंत्रण देते.

चौथे काम: खाद्यातील घटक बदलणे

कोणताही बदल ४-५ दिवसांत, थोडा थोडा करा.

*तेल.* २ ते ५ टक्के, म्हणजे १०० किलो खाद्यात २ ते ५ किलो सोयाबीन, पाम किंवा राइस ब्रान तेल. सुरुवात २ टक्क्यांनी करा. तेल घातलेले खाद्य उन्हाळ्यात लवकर खवट होते, म्हणून आठवड्याला पुरेल एवढेच मिसळा. हॉटेलात वारंवार तळून काळे पडलेले तेल स्वस्त मिळते म्हणून वापरू नका. खवट तेलाने डुक्कर खाणे आणखी कमी करते आणि खाद्यातील ई जीवनसत्त्व नष्ट होते.

*तंतू कमी.* वाढीच्या डुकरांच्या खाद्यातील गव्हाचा कोंडा आणि तेल काढलेला तांदळाचा कोंडा कमी करून त्या जागी मका किंवा तांदळाची कणी घाला. पण व्यायला आलेल्या मादीचा कोंडा पूर्ण बंद करू नका. त्या दिवसांत बद्धकोष्ठ झाले तर प्रसूती लांबते आणि नंतर दूध उतरायला त्रास होतो.

*प्रथिनांची उधळण टाळा.* ‘उन्हाळ्यात खात नाही, तर पेंड वाढवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. नुसती पेंड वाढवल्याने जास्तीची प्रथिने मोडण्याची उष्णता वाढते. वाढीच्या डुकरांमध्ये १०० किलो खाद्यातील सोयापेंड साधारण साडेपाच किलोने कमी करून तेवढा मका घातला, तर एकूण प्रथिने सुमारे २ टक्क्यांनी उतरतात. त्यातून कमी झालेले लायसिन भरून काढायला साधारण १९० ग्रॅम लायसिन हायड्रोक्लोराइड लागते. थ्रिओनिन आणि मेथिओनिनही तपासावे लागतात. लायसिन भरून न काढता फक्त पेंड कमी केली, तर वाढ खुंटते. म्हणून हा बदल पशुआहार तज्ज्ञाकडून आपल्या खाद्याचा हिशेब करून घेऊनच करा.

दूध पाजणाऱ्या मादीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ती कमी खाते, तेव्हा तिच्या प्रत्येक किलो खाद्यात लायसिन, खनिजे आणि जीवनसत्त्वे यांचे प्रमाण हिवाळ्यापेक्षा जास्त असले पाहिजे. तरच दिवसाची गरज भागते.

*जीवनसत्त्वे आणि इतर पूरक.* ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम पेशींना उष्णतेच्या ताणापासून काही प्रमाणात वाचवतात. बीटेनचाही वापर होतो. पण सेलेनियमची गरज आणि विषबाधेची मात्रा यांत अंतर कमी असते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची मिश्रणे एकत्र देऊ नका. मिश्रणाची पिशवी पत्र्याच्या तापलेल्या खोलीत महिनोन्महिने पडून असेल, तर त्यातील जीवनसत्त्वे बरीचशी निकामी झालेली असतात. गार, कोरडी जागा आणि ताजी खरेदी यांना पर्याय नाही.

कोणाची काळजी कशी घ्यावी?

*गाभण मादी.* तिला मोजकेच खाद्य दिले जाते, म्हणून एकदाच द्यायचे असेल तर ते पहाटे द्या. पहिला महिना आणि शेवटचे दोन-तीन आठवडे सर्वांत नाजूक. या काळात तिची जागा बदलणे, गट बदलणे, गाडीतून नेणे टाळा.

*व्यालेली मादी.* विल्यानंतर पहिल्याच दिवशी पोटभर खाद्य देऊ नका. आठवडाभरात हळूहळू पूर्ण खुराकावर आणा. त्यानंतर दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे आणि ताजे द्या.

*पिल्ले.* आईचे दूध घटते तेव्हा पिल्लांसाठी वेगळे खाद्य उपयोगी पडते. ७ ते १० दिवसांपासून चिमूटभर ताजे खाद्य आणि उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवा. उरलेले खाद्य रोज बदला.

*पैदाशीचा नर.* त्याला लठ्ठ होऊ देऊ नका आणि दुपारी वापरू नका. तीव्र उष्णतेचा वीर्यावरचा परिणाम पुढचे पाच-सहा आठवडे टिकू शकतो. मे महिन्यात तापलेल्या नराने जूनमध्ये माद्या उलटल्या, तर दोष माद्यांना देऊ नका.

*विक्रीची डुकरे.* वाहतूक रात्री किंवा पहाटे करा. गाडीत चढवण्याआधी काही तास खाद्य बंद ठेवा, पाणी मात्र शेवटपर्यंत द्या. भरल्या पोटी, गर्दीत, उन्हात निघालेली गाडी म्हणजे हमखास मरतूक.

हॉटेलचे खरकटे देत असाल तर

आपल्याकडे अनेक छोटे वराहपालक हॉटेल, मेस आणि मंगल कार्यालयांतील उरलेल्या अन्नावर डुकरे वाढवतात. उन्हाळ्यात यात तीन धोके असतात.

पहिला, हे अन्न काही तासांत आंबते आणि नासते. दुसरा, त्यात मीठ किती आहे याचा अंदाज नसतो. लोणचे, पापड, फरसाण, रस्सा सगळे त्यात असते. तिसरा धोका आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा. हा विषाणू भारतात पहिल्यांदा २०२० मध्ये ईशान्येकडे आढळला. तो डुकराच्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसाच्या तुकड्यांतून पसरू शकतो. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचा गटच्या गट संपवतो आणि त्यावर औषध नाही.

म्हणून डुकराचे मांस असलेले खरकटे घेऊच नका. बाकीचे अन्न सतत ढवळत किमान एक तास चांगले उकळा, गार करा आणि त्याच दिवशी संपवा. आणलेली भांडी आणि शिजवलेल्या अन्नाची भांडी वेगळी ठेवा. शक्य असेल तर उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत व्यालेल्या माद्यांना तरी तयार खाद्य द्या.

मीठ, इलेक्ट्रोलाइट आणि एक मोठा धोका

‘उन्हाळा आहे, मीठ वाढवा’ हा सल्ला माणसांवरून आलेला आहे. डुकराला घाम येत नाही, त्यामुळे घामातून मीठही जात नाही. १०० किलो खाद्यात ३०० ते ५०० ग्रॅम मीठ पुरते.

पाणी काही तास किंवा दिवसभर बंद राहिले, की हेच नेहमीचे मीठ विषासारखे काम करते. मोटार जळाली, वीज गेली, निपल तुंबले आणि कुणाच्या लक्षात आले नाही, तर डुकरे भिंतीला डोके टेकून उभी राहतात, आंधळ्यासारखी फिरतात, कुत्र्यासारखी बसतात आणि झटके येऊन पडतात. अशा वेळी एकदम भरपूर पाणी सोडले तर मेंदूला सूज येऊन ती मरू शकतात. पाणी थोडे थोडे, थांबून थांबून द्या आणि ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा.

धापा टाकल्याने रक्तातील आम्ल-अल्कली समतोल बिघडतो. म्हणून काही वेळा पाण्यातून इलेक्ट्रोलाइट किंवा खाद्यातून खाण्याचा सोडा दिला जातो. तो डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या, आणि शेजारी साधे पाणी नेहमी उपलब्ध ठेवा.

डुक्कर कोसळले तर काय कराल?

डुकराचे गुदद्वारातील तापमान एरवी ३८.५ ते ३९.५ अंशांच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले, तोंडाला फेस आला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, कातडी लाल किंवा निळसर झाली, तर तो उष्माघात समजा.

1. त्याला हलवताना पळवू नका. जागेवरच सावली करा.
2. पाय, पोटाखालचा भाग आणि कान यांपासून सुरुवात करून साध्या पाण्याने अंग ओले करा आणि पंखा लावा. एकदम बर्फाचे पाणी ओतू नका. त्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते.
3. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतील डुकराला तोंडातून पाणी पाजू नका. ते फुप्फुसात जाते.
4. खाद्य देऊ नका. शुद्धीवर येऊन श्वास शांत झाला की थोडे थोडे पाणी द्या.
5. तापाचे इंजेक्शन स्वतःहून टोचू नका. हा जंतुसंसर्गाचा ताप नसल्याने त्याने उष्माघात उतरत नाही, आणि गार करायला लागणारा वेळ मात्र वाया जातो.

महाराष्ट्रात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करता येतो.

उष्णता आहे की संसर्ग?

हा फरक ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण उन्हाळ्यात ‘गरमीने खात नाही’ असे म्हणत संसर्गाकडे दुर्लक्ष होते. उष्णतेच्या ताणात दुपारी त्रास वाढतो, गार केल्यावर श्वास आणि तापमान उतरते आणि पहाटे डुक्कर खाते. पहाटेही तोंड न लावणे, गार करूनही ताप ४०.५ अंशांच्या वर राहणे, कान-पोटावर लाल-जांभळे डाग, रक्ताचे जुलाब, गर्भपात किंवा दोन-तीन दिवसांत एकामागून एक मरतूक, यांतील काहीही दिसले तर हा साधा उन्हाळा नाही. जनावरे विकू नका, शेजारी हलवू नका, मेलेले डुक्कर उघड्यावर टाकू नका आणि लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

थोडक्यात

- आज निपलची धार बाटलीने मोजा आणि दुपारी पाणी किती गरम होते ते हात लावून पाहा.
- पहाटे आणि रात्री खाद्य, दुपारी फक्त पाणी आणि गारवा.
- खाद्य देण्याआधी अंग ओले करा.
- तेल थोडे, ताजे. वाढीच्या डुकरांना कोंडा कमी. पेंड वाढवण्याआधी लायसिनचा हिशेब.
- मीठ वाढवू नका, पाणी कधीही बंद पडू देऊ नका.
- पहाटेही न खाणाऱ्या डुकराला डॉक्टरांना दाखवा.

गव्हाणीत उरलेले खाद्य रोज तोलून वहीत लिहा. दुपारचे आणि पहाटेचे तापमानही शेजारी टिपा. आठ दिवसांत कोणता उपाय तुमच्या शेडमध्ये लागू पडतो ते आकडेच दाखवतील, आणि डॉक्टर किंवा पशुआहार तज्ज्ञ आले की त्यांच्यासमोर ठेवायला नेमकी माहितीही हाताशी असेल.